बाल्सा किटमधून रेडिओ-कंट्रोल मस्टँग बांधताना: १/७ स्केल, १६०० मिमी पंख

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांपैकी बांधायला कोणते निवडावे, हा वाद कधीच संपत नाही. स्पिटफायर दिसायला देखणे, पण त्याची चाके धडाजवळून निघून बाहेरच्या बाजूला मिटतात. दोन चाकांमधले अंतर कमी राहते आणि गवतावर पंखाचे टोक टेकायला वेळ लागत नाही. पी-४० ची चाके मागे जाताना ९० अंशांत फिरतात, त्यामुळे त्याचे रिट्रॅक्ट (चाके मिटवणारी यंत्रणा) महाग आणि किचकट. पी-५१डी मस्टँगची चाके आत मिटतात, पाया रुंद असतो, शेपटीचा पल्ला लांब आणि पंखाच्या कडा सरळ. म्हणून पहिल्या लढाऊ विमानासाठी मस्टँग बरे. खालची सगळी मापे १/७ स्केलच्या मस्टँगची आहेत. मूळ विमानाचा पंखविस्तार ११.२८ मीटर, लांबी ९.८३ मीटर. सातने भागले की पंख १६१० मिमी आणि धड १४०० मिमी. पंखाचे क्षेत्रफळ साधारण ४४.५ चौरस डेसिमीटर भरते.

आधी अट सांगून ठेवू. खाली पंख असलेले, एलेरॉनवाले (पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडे हलत्या पट्ट्या असलेले), शेपटीला चाक असलेले एखादे साधे मॉडेल तुम्ही आरामात उतरवत असाल तरच हे किट उघडा. बांधणे जमेल हो, पण उडवणे शिकायचे विमान हे नव्हे.

वजनाचा हिशोब आधी

या मापाच्या मस्टँगचे उड्डाणाचे वजन ३.५ किलोच्या आसपास राहिले पाहिजे. म्हणजे दर चौरस डेसिमीटरला ७८-७९ ग्रॅम. ४ किलोपर्यंत ते उडते, पण उतरण्याचा वेग वाढतो आणि वळणात चूक खपत नाही. वजन वाढते ते एका जागी कधीच नाही. जड बाल्सा (मॉडेलसाठी वापरतात ते मऊ लाकूड), जास्तीचे इपॉक्सी, फिलरचे थर, जाड रंग असे करत करत अर्धा किलो कधी चढला ते कळत नाही.

त्यातही शेपटीचे वजन सर्वांत महाग. गुरुत्वमध्यापासून शेपूट जितकी लांब आहे, त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर मोटरची भिंत (मोटर जिच्यावर बसते ती नाकातली फळी) आहे. त्यामुळे शेपटीत चढलेल्या दर १० ग्रॅमसाठी नाकात सुमारे २५ ग्रॅम शिसे घालावे लागते. डिजिटल वजनकाटा टेबलावरच ठेवा आणि प्रत्येक भाग पूर्ण झाला की त्याचे वजन प्लॅनच्या कडेला लिहा.

किट उघडल्यावर पहिले काम लाकूड निवडण्याचे. सगळी बाल्सा सारखी नसते. ३ मिमी जाडीची, १०० मिमी रुंद आणि १ मीटर लांब शीट काट्यावर ठेवा. ३०-३८ ग्रॅम भरली तर हलकी, ४०-५५ मध्यम, त्यापुढे कडक. किटवाल्यांनी सगळ्या शीट एका गठ्ठ्यात बांधलेल्या असतात, त्यातली हलकी शेपटीसाठी आणि धडाच्या मागच्या निम्म्या भागासाठी बाजूला काढा. मध्यम शीट पंखाच्या शीटिंगला, म्हणजे सांगाड्यावरच्या पातळ लाकडी आवरणाला. कडक आणि सरळ रेषांची लाकडे स्पार (पंखाचे मुख्य लांब दांडे) व स्ट्रिंगरसाठी (धडाच्या लांबीच्या पट्ट्या). रेषाही पाहा: काही शीट आडव्या दिशेने सहज वाकतात, त्या पंखाच्या पुढच्या कडेवर आणि धडाच्या गोलाईवर वापरायच्या. काही शीटवर ठिपक्यांची चमक दिसते आणि वाकवायला गेले की तडकतात. त्या वाकवू नका, सपाट भागांना द्या.

लेझरने कापलेल्या भागांच्या कडा जळून तपकिरी झालेल्या असतात. त्या थरात गोंद नीट मुरत नाही. चिकटवण्याआधी २४० च्या सँडपेपरचा एकच हलका हात फिरवा. जास्त घासले तर खाचा सैल होतात.

टेबल, गोंद, हत्यारे

टेबल सपाट आहे असे गृहीत धरू नका, लोखंडी पट्टी तिन्ही दिशांनी उभी धरून तिच्याखालून उजेड दिसतो का ते पाहा. त्यावर टाचण्या सहज रुततील असा सॉफ्टबोर्ड. प्लॅन ताणून चिकटवा आणि वर पारदर्शक प्लास्टिक घाला, नाहीतर विमान प्लॅनसकट उचलावे लागेल.

गोंद चार प्रकारचे लागतात. पातळ सीए (झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद) घट्ट बसलेल्या सांध्यात झिरपण्यासाठी. मध्यम सीए रिब (पंखाच्या फासळ्या) आणि फॉर्मरसाठी (धडाच्या आडव्या चौकटी). पांढरा किंवा पिवळा लाकडाचा गोंद शीटिंगच्या जोडांसाठी, कारण सीए वाळल्यावर बाल्सापेक्षा कितीतरी कडक होतो आणि घासताना त्या जागी उंचवटा राहून दोन्ही बाजूंना खड्डे पडतात. चौथे ३० मिनिटांचे इपॉक्सी, तेही फक्त मोटरची भिंत, पंखाचा मधला जोड, रिट्रॅक्टची बैठक आणि पंखाच्या बोल्टची पट्टी इथेच. पाच मिनिटांचे इपॉक्सी घाईला सोपे वाटते, पण ते लाकडात मुरायच्या आत घट्ट होते. मोटरच्या भिंतीला ते वापरू नका. सीएचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, खिडकी उघडी ठेवा.

बाकी धारदार पात्यांचा साठा, २० व ५० सेंमीच्या सँडपेपर लावलेल्या सरळ पट्ट्या, गुण्या, भरपूर टाचण्या, मास्किंग टेप आणि इन्सिडन्स मीटर (पंख व शेपटीचा कोन मोजणारे साधन). शेवटचे बरेच जण टाळतात. टाळू नका.

शेपूट

सुरुवात इथूनच करावी, कारण भाग लहान आणि चुकले तर लाकूड कमी वाया जाते. आडवी शेपूट प्लॅनवर पिन करून बांधा, दोन्ही बाजूंना १.५ मिमी शीटिंग. एक बाजू शीट करून आठवडाभर तशीच ठेवली की ती बाक घेते. दोन्ही बाजू एकाच बैठकीत करा आणि रात्रभर वजनाखाली दाबून ठेवा.

एलेव्हेटरचे (आडव्या शेपटीची, नाक वर-खाली करणारी हलती पट्टी) दोन तुकडे तारेने किंवा कडक लाकडाच्या पट्टीने जोडले जातात. जोडताना दोन्ही तुकडे एकाच सपाट फळीवर असू द्या. अर्ध्या अंशाचा फरक राहिला तर विमान प्रत्येक लूपमध्ये एका बाजूला कलंडेल आणि दोष तुम्ही एलेरॉनमध्ये शोधत बसाल. खऱ्या मस्टँगचे रडर (उभ्या शेपटीची हलती पट्टी) कापडाने मढवलेले होते, सुरुवातीच्या डी विमानांवर एलेव्हेटरही. म्हणून तिथे शीटिंग न करता रिबवर कापडासारखी आयर्न-ऑन फिल्म लावा. खऱ्यासारखे दिसते आणि नेमके शेपटीतले वजन वाचते. रंगाआधी संपूर्ण शेपूट १५० ग्रॅमच्या आत बसवा.

पंख: इथे घाई नको

पंखाचे दोन अर्धे वेगवेगळे बांधायचे. खालचा स्पार प्लॅनवर पिन करा, रिब उभ्या करा, प्रत्येक रिब गुण्याला लावूनच चिकटवा. रिबच्या खाली छोटे पाय ठेवलेले असतात, ते टेबलाला टेकले की पंखाला हवा तेवढा पीळ आपोआप मिळतो. हे पाय वरचे शीटिंग पूर्ण वाळेपर्यंत कापायचे नाहीत.

या पिळाचे महत्त्व बहुतेकांना पहिल्या लँडिंगला कळते. मस्टँगचा पंख टोकाकडे निमुळता होतो: १/७ मापात मुळाशी रुंदी ३७५ मिमीच्या आसपास, टोकाला १८० च्या आसपास. असा पंख कमी वेगात आधी टोकाशी स्टॉल होतो, म्हणजे तिथली उचल अचानक संपते. दोन्ही टोके एकाच क्षणी कधी स्टॉल होत नाहीत, म्हणजे एक पंख झटक्यात खाली जातो. टोकाची रिब पुढून खाली, मागून वर अशी २ अंश फिरवलेली असेल तर मुळाचा भाग आधी स्टॉल होतो, एलेरॉन काम करत राहतात आणि वैमानिकाला इशारा मिळतो. टोकाच्या १८० मिमी रुंदीवर २ अंश म्हणजे मागची कड सुमारे ६ मिमी वर. किटमध्ये पाय नसतील तर मागच्या कडेखाली ६ मिमीची निमुळती पाचर मुळापासून टोकापर्यंत घाला. दोन्ही अर्ध्यांना एकाच पट्टीतून कापलेल्या पाचरी वापरा. डावा २ अंश आणि उजवा १ अंश यापेक्षा पीळ नसलेला पंख परवडला.

स्पारच्या दोन पट्ट्यांमध्ये उभी पट्टी, म्हणजे शिअर वेब, येते. तिच्या रेषा उभ्या हव्यात. सूर मारून वर खेचताना वरचा स्पार दाबला जातो आणि त्याला आधार नसेल तर तो वाकून मोडतो, मग पंख हवेतच टाळी वाजवतो. मुळाजवळच्या तीन-चार खणांत १.५ मिमी प्लाय, पुढे टोकापर्यंत २ मिमी बाल्सा. वेब दोन रिबच्या मध्ये अगदी घट्ट बसला पाहिजे. फट गोंदाने भरून चालत नाही.

आता रिट्रॅक्टची बैठक. किटमधून बांधलेल्या लढाऊ विमानांत पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त तुटणारी जागा हीच. पाय १५० मिमीच्या पुढे लांब असतो. चाक खड्ड्यात अडकले की तेवढ्या लांबीची पहार घेऊन कोणीतरी बैठक उपटतो आहे असा जोर येतो. बैठकीला ६ मिमी बर्च प्लाय घ्या. तिच्या दोन्ही बाजूंच्या रिबला ३ मिमी प्लायचे जोड लावा आणि ते मुख्य स्पारपर्यंत न्या. बैठक नुसत्या बाल्सा रिबला चिकटवली की पहिल्याच आडव्या लँडिंगला रिबचा तुकडा घेऊनच ती बाहेर येते. कोपऱ्यात त्रिकोणी कडक लाकूड, सगळे ३० मिनिटांच्या इपॉक्सीने. स्क्रूची भोके पाडल्यावर एकदा स्क्रू फिरवून काढा, भोकात पातळ सीएचा थेंब सोडा, वाळू द्या, मग कायमचा स्क्रू बसवा.

पाय उघडल्यावर चाकाचा आस कुठे येतो ते पाहा. विमान आडवे धरल्यावर गुरुत्वमध्यापासून आसाकडे काढलेली रेषा उभ्या रेषेच्या पुढे १५ ते २० अंश असावी. कमी असेल तर ब्रेक लागल्यासारखे होऊन विमान नाकावर उभे राहते. जास्त असेल तर टेकल्याबरोबर शेपूट आपटते, पंखाचा कोन वाढतो आणि विमान उड्या मारते. दोन्ही चाके समोरून किंचित आत वळलेली ठेवा, १ अंश पुरे. बाहेर वळलेली असतील तर धावताना विमान भोवरा होते. मूळ चाकाचा व्यास २७ इंच, म्हणजे आपल्याला साधारण ९८ मिमी. १०० मिमीचे हलके फोमचे चाक चालते.

वरचे शीटिंग करण्याआधी रिट्रॅक्ट बसवून, बॅटरी जोडून दहा-वीस वेळा उघडझाप करा. चाकाभोवती ३ मिमी जागा मोकळी हवी. सर्व्होच्या (हलत्या पट्ट्या चालवणाऱ्या छोट्या मोटर) वायरींसाठी कागद गुंडाळून केलेल्या नळ्या रिबच्या भोकांतून आताच घाला. शीटिंगनंतर वायर ओवण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते.

शीटिंगची पद्धत अशी: २ मिमीच्या शीट आधी एकमेकींना जोडून पूर्ण पंखाएवढा पत्रा करा. कडा लोखंडी पट्टीने सरळ कापा, एका बाजूने टेप लावा, पुस्तकासारखे उघडून पांढरा गोंद लावा, मिटा, सपाट दाबून ठेवा. वाळल्यावर हा पत्रा टेबलावरच घासून गुळगुळीत करा. पंखावर चढवल्यानंतर तेवढे घासायला गेलात तर रिबवर शीट पातळ होते आणि मधे फुगते. पुढच्या कडेकडचा भाग बाहेरून पाण्याने ओला करा म्हणजे वाकेल. वरची बाजू पंख टेबलावर पिन असतानाच लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. मग पंख उचला, उलटा करा, पाचरी आता पुढच्या कडेखाली घालून टेकवा, खालची बाजू लावा. दोन्ही बाजू बंद झाल्या की पंखातला पीळ, हवा तो आणि नको तो, कायमचा झाला. वाफेने, इस्त्रीने तो निघत नाही.

दोन अर्धे जोडताना प्रत्येकी ५ अंशांचा चढ. पडताळा सोपा: एक अर्धा टेबलावर सपाट दाबला की दुसऱ्याचे टोक साधारण १४० मिमी वर यायला हवे. मधल्या जोडावर प्लायचे ब्रेस आणि बाहेरून ५० मिमी रुंद काचकापडाची पट्टी इपॉक्सीने.

धड

बहुतेक किटमध्ये धडाचा एक अर्धा भाग प्लॅनवर बांधून, उचलून त्यावर दुसरा अर्धा चढवायचा असतो. एका बाजूचे शीटिंग पूर्ण करून दुसरी बाजू मोकळी ठेवली की गोंद वाळताना धड केळ्यासारखे वाकते. उजवीकडे एक पट्टी, लगेच डावीकडे तीच पट्टी असे करत मागे जा. नाकापासून शेपटीपर्यंत दोरा ताणून दर काही पट्ट्यांनंतर मध्यरेषा तपासा.

मोटरच्या भिंतीला २ अंश उजवा कोन द्यायचा असतो. भिंत तिरकी झाली की मोटरचा शाफ्ट नाकाच्या मध्यावरून सरकतो, म्हणून मोटरची बैठक तेवढी डावीकडे घ्या, नाहीतर स्पिनर (प्रॉपेलरवरची टोकदार टोपी) आणि काउल (मोटरवरचे झाकण) जुळणार नाहीत. भिंत ६ मिमी प्लाय, मागून त्रिकोणी लाकूड, शिवाय बाजूंनी आरपार डोवेल (लाकडी खुंट्या).

बॅटरीच्या जागेला लांबी द्या. ६ सेलची ५००० एमएएच लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी सुमारे ७०० ग्रॅमची असते. ती २० मिमी पुढेमागे केली तर ३.५ किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य ४ मिमी सरकतो. ट्रेमध्ये १०० मिमीची मोकळीक ठेवली तर शिसे लागतच नाही किंवा नावापुरते लागते. वरून काढता येणारे झाकण करा. बॅटरी बदलायला दरवेळी पंख सोडावा लागणारे मॉडेल लवकरच शोकेसमध्ये जाते.

हवेची सोय मस्टँगमध्ये आयतीच आहे. स्पिनरखालच्या तोंडातून हवा आत घ्या, पोटाखालच्या रेडिएटरच्या मागच्या झडपेतून बाहेर सोडा. बाहेर पडायची जागा आत येणाऱ्या जागेच्या दुप्पट ठेवा. नुसते आत येण्याचे तोंड मोठे केल्याने ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक) थंड होत नाही, हवा तुंबते.

पंख धडावर बसवताना पुढे डोवेल, मागे दोन ६ मिमी नायलॉन बोल्ट. भोके पाडण्याआधी तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. दोन्ही टोकांपासून शेपटीच्या मध्यापर्यंतचे अंतर न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्याने मोजा, फरक २ मिमीच्या आत आणा. मागून पाहून आडवी शेपूट पंखाला समांतर करा. इन्सिडन्स मीटरने पंख आणि शेपूट यांच्यातला कोन प्लॅनप्रमाणे लावा. अर्ध्या अंशाचा फरकही उडताना ट्रिममध्ये दिसतो.

पंख आणि धडाच्या मधली गोलाई शेवटी. पंखावर प्लास्टिक फिल्म गुंडाळून बोल्टने घट्ट करा, ०.८ मिमी प्लायचा तळ ठेवा, वर मऊ बाल्साचे तुकडे, आणि अगदी शेवटचा हात मायक्रोबलून (हलक्या पोकळ कणांची पूड) मिसळलेल्या इपॉक्सीचा. नुसत्या फिलरने ही गोलाई भरणे म्हणजे ऐंशी-शंभर ग्रॅम फुकट.

वीज आणि रेडिओ

३.५ किलोला ११००-१२५० वॅट पुरतात. ४३० केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाला तेवढे फेरे) आसपासची मोटर, ६ सेल लिपो, १५×१० चा (व्यास आणि पिच, इंचांत) दोन पात्यांचा प्रॉपेलर, ८० अँपिअरचा ईएससी. जमिनीवर पूर्ण थ्रॉटलला ५५-६० अँपिअर दिसावेत. खऱ्या प्रॉपेलरचा व्यास ११ फूट २ इंच, म्हणजे स्केलमध्ये १९ इंच आणि चार पाती. तो दाखवायला ठेवा, उडवायला नको. १५ इंचाच्या प्रॉपेलरमुळे जमिनीपासून अंतरही भरपूर मिळते.

एलेरॉनला दोन, फ्लॅपला (उतरताना खाली होणाऱ्या, पंखाच्या मुळाकडच्या पट्ट्या) दोन, एलेव्हेटर आणि रडरला एकेक असे सहा सर्व्हो, मेटल गिअरचे, ४ ते ६ किलो-सेंमी ताकदीचे. रिसीव्हरला वेगळा ५ ते ८ अँपिअरचा बीईसी (बॅटरीतून रिसीव्हर व सर्व्होला योग्य व्होल्टेज देणारा भाग) द्या. इलेक्ट्रिक रिट्रॅक्ट अडकले की एकदम करंट ओढतात आणि ईएससीमधल्या छोट्या बीईसीवर सगळा भार असेल तर रिसीव्हर क्षणभर मरतो. तेवढा क्षण पुरतो.

एलेव्हेटर आणि रडरचे सर्व्हो पंखाच्या वरच, धडाच्या मध्यात ठेवा, शेपटीत नेऊ नका. पुशरॉडला मध्ये आधार हवा, नाहीतर दाबताना वाकतो. बिजागरीची फट टेपने बंद करा. सांध्यांत ढिलाई आणि बिजागरीत फट असली की वेगात कंट्रोल फडफडू लागते आणि एलेरॉन उडून जाते.

बाहेरचा थर आणि रंग

पूर्ण विमान १२०, २४०, ४०० अशा क्रमाने घासून झाले की २५ ग्रॅमचे काचकापड. कोरडे पसरा, मधूनच पातळ फिनिशिंग रेझिन ओता, जुन्या प्लास्टिक कार्डने बाहेरच्या दिशेने ओढत न्या आणि जादा रेझिन काढून टाका. कापडाचा पोत दिसत राहिला पाहिजे. चकचकीत दिसले तर रेझिन जास्त झाले. रेझिनचा वास नको असेल तर पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेन वार्निशही चालते, फक्त पहिला हात बाल्सा फुगवतो आणि पुन्हा घासावे लागते. नंतर प्रायमर, आणि त्यातला निम्म्याहून अधिक घासून काढायचा. कापड, रेझिन, प्रायमर आणि रंग मिळून ३०० ते ३५० ग्रॅममध्ये सगळे आटोपले तर काम चांगले झाले.

पॅनेल लाइन आणि रिव्हेट यांचा मोह फार होतो. मस्टँगच्या पंखावर तो आवरा. कारखान्यात पंखाचा पुढचा भाग पुट्टीने भरून, घासून, रुपेरी रंगाने रंगवत, कारण हवा पंखावरून गुळगुळीत वाहावी हाच त्या पंखाचा मुद्दा होता. पुढच्या ४० टक्के भागात रिव्हेटच्या रांगा काढल्या की जाणकाराला लगेच खटकते. धडावर हव्या तेवढ्या काढा. ०.४ मिमी टेप चिकटवून वर प्रायमर मारायचा, हलके घासायचे, टेप उपटायची, की रेघ खाली राहते.

रुपेरी रंग प्रत्येक खड्डा आणि ओरखडा दाखवतो. पहिल्यांदा करत असाल तर हिरवट ऑलिव्ह रंगाची योजना निवडा. जून १९४४ च्या, नॉर्मंडीवरच्या चढाईवेळी ओळखीसाठी मारलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या हव्या असतील तर एक इंजिनाच्या विमानांवर त्या १८ इंच रुंद होत्या, म्हणजे १/७ मध्ये ६५ मिमी. तीन पांढऱ्या, दोन काळ्या. आधी सगळी पट्टी पांढरी रंगवा, मग काळे मारा. त्या काळी बऱ्याच विमानांवर त्या घाईघाईत ब्रशने मारल्या होत्या, त्यामुळे कडा जरा वाकड्या आल्या तर दुरुस्त करू नका. अमेरिकेचे ताऱ्याचे चिन्ह वर डाव्या पंखावर आणि खाली उजव्या पंखावर असते. चारही ठिकाणी चिकटवणारे अजून भेटतात.

कॅनोपी (कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण) सीएने चिकटवू नका, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. कॅनोपीचा वाळल्यावर पारदर्शक होणारा गोंद वापरा आणि रात्रभर टेपने धरून ठेवा. चाकांचे आतले दरवाजे सुरुवातीला लावूच नका. गवताच्या मैदानावर ते पहिल्या दिवशी गळून पडतात.

उडवण्याआधी

गुरुत्वमध्य सरासरी पंखरुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांत असतो. प्लॅनवर पट्टा दाखवला असेल तर पहिल्या उड्डाणाला पुढची खूण धरा. खालच्या पंखाचे विमान उलटे करून तोला, सुलटे तोलताना ते डगमगते. मस्टँगची चाके आडवी मिटत असल्याने वर-खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. मागे मिटणाऱ्या चाकांच्या विमानात मात्र चाके वर घेऊन तोलावे लागते. नाक-शेपटीला दोरी बांधून आडवा तोलही पाहा, हलक्या टोकात एखादे नाणे लागते.

सुरुवातीच्या हालचाली मागच्या कडेवर मोजून अशा ठेवा:

एलेव्हेटर वर-खाली १६ मिमी, एक्स्पो (काडीच्या मध्याजवळची हालचाल सौम्य करणारी ट्रान्समीटरची सोय) ३० टक्के.
एलेरॉन वर १५, खाली १० मिमी, एक्स्पो २५ टक्के.
रडर दोन्हीकडे ३० मिमी.
फ्लॅप अर्धे २० अंश, पूर्ण ४५ अंश, उघडायला ३ सेकंद.

प्रॉपेलर काढून फेलसेफ तपासा: ट्रान्समीटर बंद केला की मोटर थांबली पाहिजे. रेंज तपासणी मोटर चालू ठेवून आणि बंद ठेवून, दोन्ही वेळा. टायमर ६ मिनिटांवर लावा, मग उतरल्यावर बॅटरीत किती भरावे लागले ते पाहून वाढवा. ४००० एमएएचपेक्षा जास्त वापरू नका.

उड्डाण वाऱ्याच्या अगदी समोर. धाव सुरू करताना एलेव्हेटर थोडे वर धरा म्हणजे शेपटीचे चाक दिशा धरून ठेवेल. थ्रॉटल तीन-चार सेकंदांत हळूहळू वाढवा आणि उजवे रडर तयार ठेवा, विमान डावीकडे ओढणारच. एकदम पूर्ण थ्रॉटल दिला तर रडर पुरत नाही. शेपूट उचलली की एलेव्हेटर सोडा आणि विमानाला धावू द्या. मस्टँग गेल्याची कथा बहुतेक वेळा एकच असते: वेग येण्याआधी ओढून उचलले, डावा पंख खाली गेला, एलेरॉनने सावरायला गेले आणि स्टॉल आणखी वाढला. डावा पंख गेलाच तर आधी एलेव्हेटर ढिला करा आणि उजवे रडर द्या.

वर गेल्यावर, निदान ८०-१०० मीटर उंचीवर, फ्लॅप उघडून नाक वर जाते की खाली ते पाहा आणि एलेव्हेटरचा मिक्स लावा, म्हणजे फ्लॅपबरोबर एलेव्हेटर आपोआप हलेल. तिथेच चाके खाली, अर्धे फ्लॅप, थ्रॉटल कमी करत स्टॉल करून पाहा. या वजनाला स्टॉल ताशी ४० किमीच्या आसपास येतो. तो कसा दिसतो हे डोळ्यांत साठवून मगच उतरायला या.

उतरताना अर्धे फ्लॅप, थ्रॉटल चतुर्थांश, नाक किंचित खाली. शेवटचे वळण उथळ घ्या, तिथे रडरने ओढून वळवू नका. जमिनीपासून अर्ध्या मीटरवर सपाट करा आणि पुढची दोन चाकेच आधी टेकवा, थोडा थ्रॉटल ठेवूनच. चाके टेकल्यावर थ्रॉटल बंद, शेपूट आपोआप खाली बसू द्या, मग एलेव्हेटर वर. तिन्ही चाके एकदम टेकवण्याचा प्रयत्न पहिल्या दहा-बारा उड्डाणांत करू नका. उड्या मारू लागले तर एलेव्हेटरने पाठलाग करू नका, थ्रॉटल देऊन पुन्हा फेरी घ्या. ते करायला बॅटरी उरलेली असावी म्हणूनच टायमर ६ मिनिटांचा.

विमान परत आणल्यावर मोटर आणि बॅटरीला हात लावून पाहा. बॅटरी हातात धरवत नसेल तर प्रॉपेलरचा पिच एक-दोन इंचाने कमी करा. मग उलटे करून रिट्रॅक्टचे आठही स्क्रू आवळा. पहिल्या उड्डाणानंतर त्यातले एक-दोन सैल झालेले असतातच. स्क्रू घट्ट असून बैठकीच्या कडेने रंगात केसासारखी चीर दिसली तर त्या दिवशी दुसरे उड्डाण नको, आतून रिब सुटली आहे.